सायकलीला इमा असतो व्हय?

“सायकलचा कुठे विमा असतो का रे? उद्या म्हणशील चपलांचा काढतो!”

हे माझा रूम पार्टनर पव्या मेसमध्ये, सगळ्यांदेखत, तोंडात पोळीचा घास असताना बोलला आणि त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर माझं नाव ‘एलआयसी’ पडलं. एलआयसी फक्त आयुर्विमा करते, सायकलचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळतो, हे मी त्याला समजावून सांगायला गेलो. त्याने नाव आणखी पक्कं झालं.

पण जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि तेव्हापासून हाच पव्या रोज कुठल्या ना कुठल्या सायकलचा भाव विचारत असतो. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बुलेटच्या शेजारी आता सायकली दिसू लागल्यात, त्याही पन्नास-साठ हजारांच्या. म्हणून म्हटलं, आपण जे तीन महिने डोकं खाजवलं ते एकदा लिहून टाकावं.

तर झालं असं. थर्ड इयरच्या सुरुवातीला मी एका पास-आऊट सीनियरकडून रोड बाइक घेतली. फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा फोर्क कार्बनचा, मागे अकरा गिअर. नवी ९२ हजारांची, मला ५५ हजारांना मिळाली. त्यातले निम्मे माझे, दोन सुट्ट्यांत काम करून साठवलेले. उरलेले बाबांनी पतपेढीतून उचलले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांनी सायकल उचलून बघितली, एका बोटावर तोलली आणि एवढंच विचारलं, “एवढ्या पैशात इंजिन नाही?”

आपलं हॉस्टेल कापूरहोळजवळ असल्यामुळे सायकलवाल्याची चैन आहे. एका बाजूला भोरचा रस्ता, त्यावर अजून उभी असलेली वडाची झाडं, पुढे भाटघरचं पाणी. दम असेल तर वरंध घाटाच्या दिशेने जात राहायचं. दुसऱ्या बाजूला चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हे. समोर तोरणा असा उभा असतो की मान वर करूनच पेडल मारावं लागतं. वेल्ह्याच्या अलीकडून पाबे घाट चढला की पलीकडे पानशेतच्या बाजूला उतरता येतं. रविवारी सकाळी सहाला निघून मेसचं जेवण बंद व्हायच्या आत परत, हा माझा नेम.

नेमाला दृष्ट लागली ती एका फर्स्ट इयरवाल्याची. म्हणजे त्याच्या सायकलची. सकाळी बघतो तर सायकल साखळीने खांबाला बांधलेली, कुलूप शाबूत आणि पुढचं चाक गायब! क्विक रिलीजची चाकं एक खटका ओढला की हातात येतात. पंक्चर काढायला ही सोय फार छान, चोरालाही तितकीच छान. त्या रात्री मी माझी सायकल जिना चढवून रूममध्ये आणली. पव्याच्या कॉटला ती टेकवल्यावर आमच्या मैत्रीचाच विमा काढायची वेळ आली.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू. आपल्याकडे मोटरसायकल घेतली की विमा आपोआप चिकटून येतो, कारण मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तो सक्तीचा आहे. साधी सायकल या कायद्याच्या हिशेबात मोटार वाहनच नाही. तिला नंबर प्लेट नाही, आरसी बुक नाही, सक्तीचा विमा नाही. त्यामुळे जे काही करायचं ते आपल्या हौसेने आणि आपल्या अकलेने.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, सायकलच्या दुकानात मिळणारी स्वतंत्र सायकल पॉलिसी. दुसरी जुनी वाट, सरकारी विमा कंपन्यांची ‘हाऊसहोल्डर्स पॉलिसी’. आपल्या आजोबांच्या काळात सायकल ही घरातली मौल्यवान वस्तू होती, म्हणून घरातल्या सामानाच्या या विम्यात ‘पेडल सायकल’ असा एक वेगळा विभाग असतो. तिसरी वाट पव्याने सुचवली. विमाबिमा काही नको, दरमहा अडीचशे रुपये पोस्टात टाक, सायकल चोरीला गेली तर मोड, नाही गेली तर गोव्याला जाऊ. ऐकायला विनोदी वाटतं, पण यालाही शास्त्रीय भाषेत स्वतःच स्वतःचा विमा करणं म्हणतात आणि ही वाट मूर्खपणाची मुळीच नाही.

मी जर्नलच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला. मला सांगितलेला हप्ता करासकट २,७५० रुपये, विम्याची रक्कम ५५ हजार, प्रत्येक दाव्यात पहिले १,५०० रुपये माझे. म्हणजे सायकल गेली तर हातात जास्तीत जास्त ५३,५००. भागाकार केला तर साधारण पाच टक्के. वीस वर्षांत एकदा सायकल चोरीला जाणार असेल तर हिशेब बरोबरीत सुटतो. पव्या म्हणाला, “बघ! तू वीस वर्षं हॉस्टेलला राहणार आहेस का?” (माझे बॅकलॉग बघता हा प्रश्न झोंबला.)

मग सुट्टीत बाबांच्या ओळखीचे एक काका भेटले. सरकारी विमा कंपनीतून निवृत्त झालेले, चहा बशीत ओतून पिणारे. त्यांनी माझा तक्ता चष्मा कपाळावर ढकलून वाचला. “गणित बरोबर आहे,” म्हणाले, “पण हे तू फायदा-तोट्याचं मांडलंयस. चाक गेलं तर तू खिशातून आणशील. अख्खी सायकल गेली तर बाबांची पतपेढी फिटेपर्यंत तू चालत जाशील. विमा दुसऱ्यासाठी घे, पहिल्यासाठी कशाला?” मग त्यांनी विचारलं, “अटी वाचल्यास का?” मी म्हटलं, “माहितीपत्रक वाचलं.” काका हसले. इतके हसले की काकू बाहेर आल्या.

अटींची प्रत मागवली, झेरॉक्स काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा नसताना हायलायटर वापरला. एकेक कलम वाचताना माझी सायकल मला पोलीस पंचनाम्यात पडलेली दिसायला लागली. सायकल नजरेआड ठेवली असेल तर ती न हलणाऱ्या वस्तूला कुलपाने बांधलेली हवी, नुसतं चाकाला कुलूप चालणार नाही. ॲक्सेसरीज, म्हणजे दिवा, मीटर, सीटखालची पिशवी, एकट्याच चोरीला गेल्या तर काही नाही, सायकलीबरोबर गेल्या तरच. टायर एकटा फाटला तर काही नाही. झीज आपली. शर्यतीत असताना झालेलं नुकसान आपलं. सायकल भाड्याने दिली असेल तर विसराच. म्हणजे त्या फर्स्ट इयरवाल्याच्या चाकाला ही पॉलिसी असती तरी बहुधा घोळच झाला असता.

खरी गोम रकमेत होती. मी आपला ५५ हजारांवर खूश. काकांनी विचारलं, “पॉलिसीत किंमत कुठली धरलीय? आजची, का नव्या सायकलची?” मला वाटलं, काय फरक पडतो! फरक असा पडतो : कंपनी जर नव्या सायकलची किंमत धरत असेल, म्हणजे ९२ हजार, आणि मी विमा ५५ हजारांचाच उतरवला असेल, तर मी सायकलचा साठ टक्केच विमा काढला असं धरतात. मग १२ हजारांची दुरुस्ती निघाली तर मिळणार त्याच प्रमाणात, ७,१७४ रुपये. त्यातून माझे १,५०० वजा. उरले ५,६७४. निम्म्याहून कमी! आणि कंपनी आजची बाजारभावाची किंमत धरत असेल तर ५५ हजार बरोबर, पण पुढच्या वर्षी घसारा धरून ती रक्कम कमी करायची, नाहीतर जास्तीचा हप्ता फुकट. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात सिस्टिमची हद्द आधी आखून घ्या असं सर ओरडून सांगतात, ते इथे पटलं.

सेकंड हँड घेणाऱ्यांनो, आणखी एक. मूळ बिल सीनियरच्या नावावर होतं. बिल नसेल तर सायकल तुमची हे सिद्ध कसं करणार? मी त्याला गाठून बिलाची प्रत आणि विक्रीचं साधं पत्र सहीसकट घेतलं आणि सायकल उलटी करून पेडलच्या ॲक्सलखाली कोरलेला फ्रेम नंबर फोटोत घेतला. चोरी झाली तर एफआयआरमध्ये हाच नंबर लागतो. निळ्या रंगाच्या सायकली पोलिसांना ढिगाने सापडतात, नंबरवाली एकच असते.

हे सगळं चाललेलं असताना पाऊस सुरू झाला होता. तक्त्यात माझे रकाने तयार होते : चोरी, मोडतोड, प्रवासात नुकसान, ॲक्सेसरीज. सही करायची तेवढी बाकी, आणि मी सायकल काढून पाबे घाटात गेलो.

जुलैमधला वेल्हे ज्यांनी पाहिलाय त्यांना काय सांगायचं! खाचरं पाण्याने भरलेली, लावणी जोरात, डोंगर ढगात. घाट चढून परत वेल्ह्याच्या बाजूला उतरत होतो. माझ्या सायकलचे ब्रेक रिमवर धरणारे आहेत. ओल्या रिमवर ब्रेकचं पॅड आधी पाणी पुसतं आणि मग धरतं, आणि या ‘मग’मध्ये किती मीटर जातात ते मला त्या दिवशी कळलं. वळणावर एक आजोबा रस्ता ओलांडत होते. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात भाताच्या रोपांच्या जुड्या. मी ओरडलो, त्यांना खोळीमुळे ऐकू आलं नसावं. वेग फार नव्हता, पण हँडल त्यांच्या दंडाला लागलं आणि ते हातावर पडले.

मला फक्त गुडघ्याला खरचटलं. आणि खरं सांगायचं तर (लिहिताना लाज वाटते) उठल्यावर माझी पहिली नजर फोर्ककडे गेली. कार्बनचं वाईट असं की वरून नुसता ओरखडा दिसतो आणि आतून तडा गेलेला असतो. मी चक्क वाकून टिचकी मारून आवाज ऐकत होतो. मागून खाचरातून एक बाई ओरडली, “आरं, माणूस पडलाय हितं!”

मनगटाचं हाड मोडलं होतं. त्यांचा मुलगा आला, जीप थांबवली, आम्ही त्यांना खाली दवाखान्यात आणलं. एक्स-रे, प्लास्टर, औषधं, जीप मिळून ६,८०० रुपये. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात हलवायचा नाही. सहा आठवडे! जुलैमध्ये! मुलगा एवढंच म्हणाला, “दवाखान्याचं तेवढं बघा, बाकी आमी बघतो.” रात्री घाबरत घाबरत बाबांना फोन केला. वाटलं होतं ओरडतील. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “एक्स-रेचे पैसे दिलेस म्हणून लावणी होणार आहे का त्यांची? त्यांच्या जागी माणूस लावायला लागेल. त्याचा रोज कोण देणार?” बारा दिवसांचा रोज, पाचशेप्रमाणे सहा हजार. एकूण १२,८००. माझ्याकडे होते साडेतीन. काही बाबांनी पाठवले, काही पव्याने दिले (मैत्रीचा विमा वसूल!) आणि उरलेल्यासाठी मी सायकलवरचा जीपीएस मीटर विकला. ज्या ॲक्सेसरीच्या चोरीसाठी मी तक्त्यात वेगळा रकाना केला होता, तोच.

परत आल्यावर तक्ता उघडला. चार रकाने, चारही सायकलचे. समोरच्या माणसाचा एकही नाही. दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात, तो शब्द मी मोटरसायकलच्या कागदावर शंभरदा वाचलाय. सायकलने कुणाचं काय होणार, असं वाटायचं. कायद्याला तसं वाटत नाही. भारतीय न्याय संहितेतलं बेदरकारपणे वाहन चालवण्याचं कलम २८१ मोटारीपुरतं नाही, सायकलवाल्यालाही लागू होतं. आणि भरपाईचा दिवाणी दावा तर कुणावरही होऊ शकतो.

मग या अंगाने वाचत गेलो तर जगभरच्या गोष्टी निघाल्या. जपानमध्ये कोबे शहरात ११ वर्षांच्या एका मुलाची सायकल २००८ मध्ये एका वृद्ध बाईंना धडकली, त्या कधी शुद्धीवर आल्या नाहीत. २०१३ मध्ये कोर्टाने त्या मुलाच्या आईला साधारण साडेनऊ कोटी येन भरायला सांगितले. त्यानंतर २०१५ मध्ये तिथल्या ह्योगो प्रांताने सायकलवाल्यांना विमा सक्तीचा केला. कशाचा? सायकलच्या चोरीचा नाही, समोरच्याच्या इजेचा. स्वित्झर्लंडमध्ये २०११ पर्यंत प्रत्येक सायकलला दरवर्षी नवं स्टिकर चिकटवायला लागायचं, तेही याच विम्याचं. जिथे जिथे सरकारने सायकलच्या विम्यात लक्ष घातलं तिथे सायकलची किंमत कुणी विचारलेली दिसत नाही.

पुढची निवड मग दोन दिवसांत झाली. हाऊसहोल्डर्स पॉलिसीत सायकलबरोबर थर्ड पार्टीची थोडी रक्कम होती, पण मी शाखेला लेखी विचारलं, सायकल हॉस्टेलवर असते, चालेल का? लेखीच उत्तर आलं, विमा उतरवलेलं घर म्हणजे आमचं गावचं घर, हॉस्टेल नाही. ती वाट बंद. (प्रश्न तोंडी विचारला असता तर ‘हो हो, चालतंय की’ असंच उत्तर मिळालं असतं, हे काकांचं म्हणणं.) स्वतंत्र पॉलिसीत थर्ड पार्टीचं एक लाखाचं कलम जादा पैसे देऊन जोडता येत होतं. ते जोडलं. ॲक्सेसरीजचं कलम काढलं. आणि दाव्यातला माझा हिस्सा १,५०० वरून आपणहून ५ हजार केला, म्हणजे ओरखडे, चाक, गिअरची तार हे सगळं माझं आणि मोठं नुकसान कंपनीचं. हप्ता उलट कमी होऊन २,३१० वर आला. शर्यतीचं कलम तसंच आहे. पण २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, तिच्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, मग ती शर्यत धरणार का, हेही लेखी विचारून ‘नाही’ असं उत्तर प्रिंट काढून ठेवलंय.

राहिलो मी स्वतः. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना : वर्षाला २० रुपये, खात्यातून आपोआप कापले जातात, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः कायमचं असेल तर एक लाख. हातपाय मोडल्याचा दवाखान्याचा खर्च यात मिळत नाही, तो आरोग्य विम्याचा विषय. तरी वीस रुपयांत, म्हणजे कँटीनच्या दोन चहांत, हे मिळत असताना आमच्या अख्ख्या मजल्यावर तिघांनीच घेतलंय. पव्या चौथा.

पॉलिसीचा फॉर्म भरताना एक गंमत. फिरण्याचा भाग लिहायचा होता, तर तालुका वेल्हे लिहावा की राजगड? सरकारदरबारी २०२५ पासून तो राजगड तालुका झालाय. त्याच वर्षी जुलैमध्ये राजगड किल्ला जागतिक वारसा यादीत गेला आणि रविवारी मार्गासनीला गाड्यांच्या रांगा वाढल्या. शेवटी ‘राजगड (वेल्हे)’ लिहून मोकळा झालो.

दिवाळीच्या आधी आजोबांना भेटायला गेलो. कापणी चालली होती. हात बरा होता, मूठ मात्र पूर्ण वळत नव्हती, आणि विळा त्यांनी डाव्या हातात धरला होता. मी काय बोलावं ते न सुचून विम्याचंच सांगायला लागलो.

“सायकलीला इमा असतो व्हय?” आजोबांनी विळा खाली ठेवला. मला वाटलं आता पव्यासारखं हसतील. तर म्हणाले, “आमच्या बैलाचा हुता. कानात बिल्ला मारत्यात. बैल मेला तर बिल्ला दाखवायचा, मग पैसं. बिल्ला पडला आसंल तर कायबी न्हाई, बैल आपला आन् मढंबी आपलंच.” आणि सायकलकडे बघत, “हिचा बिल्ला कुठाय?”

मी सायकल उलटी केली. आजोबा बांधावर बसले, चांगल्या हाताने चिखल पुसला आणि ॲक्सलखालच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

“बरं केलं,” म्हणाले. “हितनं पडायचा न्हाई.”